शाळेसमोरचा तो अर्धा तास : माझा अनुभव

शाळेसमोरच्या गाड्यांबद्दल कुठेही तक्रार करा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘आधा घंटा ही तो है।’ पण शाळेतली सगळी मुलं रस्त्यावर असतात ती नेमकी त्याच अर्ध्या तासात. आमच्या रहवासी संघाने हा विषय धसाला लावायचं ठरवलं आणि अर्ज-कागदांचं काम माझ्याकडे आलं. इंदूरमध्ये आणखी कुणाला याच वाटेने जायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून लिहिते.

आमची कॉलनी अन्नपूर्णा रोडच्या मागच्या भागात. शाळेसमोरचा रस्ता असा की दोन मोटारी जेमतेम एकमेकींना ओलांडतील. शाळा सुटायच्या आधीच दोन्ही कडेला मुलांना ने-आण करणाऱ्या मॅजिक (छोट्या प्रवासी गाड्या) आणि वॅन लागायच्या. मग पालकांच्या मोटारी, आणि जागा नसली की उभ्या गाड्यांना लागून दुसरी रांग. वळणावर स्कूटर, फुटपाथवर मोटरसायकली. मधे उरलेल्या पट्ट्यात दोन्हीकडून ई-रिक्शा घुसायच्या. पावसाळ्यात तर एरवी स्कूटरवर येणारे पालकही मोटार काढतात.

राहणाऱ्यांना त्रास होताच. शेजारच्या काकांना डायलिसिसला न्यायचं असेल त्या दिवशी गाडी आधीच काढून कोपऱ्यावर नेऊन ठेवावी लागे. पण मला झोप येऊ देत नव्हतं ते वेगळंच. केजीतलं मूल दोन उभ्या गाड्यांच्या मधून बाहेर पडतं तेव्हा येणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही. मोठ्या गाडीच्या बॉनेटपेक्षा त्याचं डोकं फार वर नसतं. त्यालाही येणारी गाडी दिसत नाही, म्हणून बघायला ते आणखी एक पाऊल पुढे टाकतं, आणि ते पाऊल रस्त्याच्या मधोमध पडतं. त्यात पलीकडून आईने हाक मारली की मूल धावतंच. गाडी मागे घेणाऱ्याचं तर आणखी अवघड, कारण त्याच्या पाठीमागे मुलांचा घोळका असतो आणि आरशात फक्त दप्तरं.

संघाच्या बैठकीत मी आग्रह धरला की अर्जात गाड्यांमुळे आपल्या घरांची फाटकं अडतात हे शेवटी लिहायचं, आधी मुलांचा धोका. काही जणांना ते पटलं नाही, कारण त्रास आपला होता. पण अर्ज तसाच गेला.

कायदा वाचल्यावर हुरूप आला. मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 122 सांगतं की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी गाडी उभी ठेवायची नाही. शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ गाडी लावायला 1989 च्या रस्ता नियमांतच मनाई होती, आणि 2017 च्या नव्या विनियमांतही ती आहे. म्हणजे नो पार्किंगची पाटी नाही, ही सबब चालत नाही. हे दोन मुद्दे अर्जात कलमासकट लिहिले. सोबत बाल्कनीतून काढलेले फोटो: गाडीचा नंबर आणि वेळ दिसेल, मुलांचे चेहरे येणार नाहीत, असे.

तरी अर्ज फिरत राहिला. एका खात्याने सांगितलं पाटी आणि पट्टे आमच्याकडे नाहीत, दुसऱ्याने सांगितलं गाड्या उचलणं आमचं काम नाही. खरं तर कलम 117 प्रमाणे गाड्या कुठे थांबाव्यात हे ठरवताना स्थानिक संस्थेशी, म्हणजे महापालिकेशी, विचारविनिमय करायचा असतो, म्हणजे दोघांनी एकत्र बसायला हवं. म्हणून दोन वेगळे अर्ज केले, एकात चलान आणि क्रेन, दुसऱ्यात पाटी, पट्टे आणि उखडलेला स्पीड ब्रेकर. दोन्हींत एकमेकांचा उल्लेख घातला. मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे, मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जाऊन ते दिले आणि पावती घेतली.

सीएम हेल्पलाईन 181 वर, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या तक्रारींच्या फोनवर, तक्रार त्याच आठवड्यात नोंदवली. तिथे चार स्तर असतात. मुदतीत निकाल लागला नाही की तक्रार आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणूनच खालच्या स्तरावरून फोन येऊ लागतात: ‘मॅडम, काम हो जाएगा, आप शिकायत बंद करवा दीजिए।’ इथे नमायचं नाही. मी दर वेळी आदराने एवढंच म्हणाले, ‘भैया, पाटी लगने के बाद खुद फोन करूँगी।’ समाधान झालं नसताना होकार दिला की नव्याने सगळं सुरू करावं लागतं.

शाळेचं म्हणणं होतं की गेटच्या बाहेर आमची जबाबदारी नाही. रहिवाशांच्या पत्रांनी तिथे काही हललं नाही. हललं ते पालकांच्या सह्यांनी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जणींची मुलं किंवा नातवंडं त्याच शाळेत. वाण देताना मी पत्रही पुढे केलं. एक वहिनी म्हणाल्या, ‘अहो, मीच तर दारात गाडी लावते, बाळ दमलेला असतो.’ मी त्यांना वरच्या बाल्कनीत नेऊन आमच्या घरासमोरचा रस्ता दाखवला आणि उभ्या गाड्यांच्या मागे मूल कुठे लपतं ते सांगितलं. त्यांनी सही केली आणि त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या आणखी आयांकडूनही सह्या आणून दिल्या. फी भरणाऱ्यांचं पत्र पोचल्यावर प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं.

त्या बैठकीत ठरलेलं आज चालू आहे. केजी आणि पहिली-दुसरी आधी सुटतात, मोठे वर्ग पंधरा मिनिटांनी. मॅजिक आणि वॅन कॉलनीच्या मैदानाकडच्या बाजूला उभ्या राहतात आणि शाळेतल्या ताई मुलांची रांग तिथवर नेतात. या एका बदलाने रस्ता मोकळा झाला, कारण सर्वांत जास्त वेळ त्याच गाड्या उभ्या असत. पाटी आणि पांढरे पट्टे आले, काही दिवस क्रेन फिरली, मग मी 181 वर फोन करून तक्रार बंद केली.

पालकांच्या मोटारी अजून येतात, पण दुसरी रांग लागत नाही. लागली तर गेटवरचा चौकीदार शिट्टी वाजवतो. राहिला आहे तो पालकसभेचा दिवस. त्या दिवशी दोनशे पावलं चालायला कुणी तयार नसतं आणि सगळं पूर्वीसारखं होतं. त्यासाठी मैदानाचं मोठं फाटक तेवढ्या दिवशी उघडं ठेवावं, असा अर्ज पार्षदांकडे (नगरसेवकांकडे) दिला आहे. सह्या या वेळी आधीच घेतल्या आहेत, पालकांच्यासुद्धा.