कोजागरीची पायी वारी, घाटातली पहाट आणि कॅमेरा : यंदाची नोंद

यंदाही कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत गेलो, कॅमेरा घेऊन. अंतर साधारण 45 किलोमीटर. सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात हात जोडून संध्याकाळी साडेसातला निघालं, की चहा-खिचडीचे थांबे धरूनही पहाटे साडेपाचपर्यंत घाटाचा पायथा येतो. सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास, म्हणजे जागा शोधायला पाऊण तास. उळे, तामलवाडी, अखंड ‘आई राजा उदो उदो’ आणि पायांना तेल चोळून देणारी मंडळी, हे चाललेल्यांना सांगायला नको.

तुळजापूर ज्या डोंगररांगेवर आहे त्या बालाघाटाला सुळका नाही. माथा सपाट आणि खाली बेसॉल्टच्या पायऱ्या. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. दुपारी गाडीतून बघाल तर म्हणाल, यात काय काढायचंय बे! पण सोलापूरकडून जाताना डोंगर समोर उत्तरेला असतो आणि ऑक्टोबरातला सूर्य पूर्वेच्या किंचित दक्षिणेला उगवतो. ऊन उजवीकडून आडवं येतं, एकेका पायरीखाली सावलीची रेघ उमटते आणि पिवळं पडू लागलेलं गवत उजळतं. त्यामुळे सूर्याकडे लेन्स वळवायचीच नाही, हे यंदाचं धोरण.

खरी मजा डावीकडे. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्योदयाच्याच वेळी मावळतो, आणि या दिवसांत पश्चिमेच्या जरा उत्तरेला. म्हणजे डोंगराच्या डाव्या खांद्याजवळ. सूर्य उगवण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. त्याआधी चंद्र पांढरा गोळा होतो किंवा डोंगर काळा पडतो. नंतर चंद्र आभाळात विरतो. मधल्या वेळात दोघं एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेडाच्या एकाच मापात बसतात. तरी तीन-तीनचं ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो, कारण क्षितिजावरची धूळ रोज वेगळी असते. एक हिशोब ध्यानात ठेवा: 200 एमएमच्या लेन्सला चंद्र सेन्सरवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा पडतो, आणि आपल्याच रुंदीएवढा सरकायला त्याला दोनच मिनिटं लागतात. फ्रेम आधी ठरवलेली बरी.

ट्रायपॉड नेला नाही. एवढ्या चालीत दीड किलो कोण वागवणार? त्याऐवजी आपला सोलापुरी टॉवेल. चौघडी करून रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर ठेवला, मधोमध मुठीने खळगा केला, त्यात लेन्स टेकवली आणि दोन सेकंदांच्या टायमरवर सोडली. एक अष्टमांश सेकंदाचेही फोटो धारदार आले. घामट पाठीवरच्या पिशवीत काच धुरकटते, म्हणून कॅमेरा शेवटचा तासभर गळ्यातच ठेवलेला बरा.

हाती काय लागलं? पायऱ्यांवरच्या आडव्या उन्हाचे फोटो मनासारखे आले. चंद्राचे ठीक, ऊन आणि चंद्र एकत्र मात्र नाहीत, कारण ऊन उतारावर येईतो चंद्र गेला होता. ते हवं असेल तर दुसऱ्या दिवशीची पहाट गाठावी. तेव्हा चंद्र पाऊण-एक तास उशिरा मावळतो. पण तोवर गर्दी एसटीने परतलेली असते, आणि घाट चढणारी ती माणसांची रांग नसेल तर मला त्या डोंगरात फारसा रस नाही. पौर्णिमा पहाटेच्या बरीच आधी संपली असेल तर चंद्र सूर्योदयानंतर थोडा टिकतो, म्हणून पुढच्या वर्षी ती कोणत्या वेळी संपते ते पंचांगात बघून ठरवेन.