सातारा हिल तयारी, आठवडा ९: रेस्ट डे आता वहीत लिहून ठेवलाय

राम राम मंडळी, सातारा हिल म्हणजे घाटातल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीचा लॉग तीन आठवडे टाकला नाही कारण पळणंच बंद होतं. आता परत सुरू झालोय म्हणून सगळं नीट लिहितो, यातलं काही कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

पहिले पाच आठवडे मी सलग पळालो, म्हणजे एकही दिवस खाडा नाही. मंगळवारी यवतेश्वर घाटात हिल रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा पळणं), गुरुवारी टेम्पो (दम लागेल अशा एकसारख्या वेगाने पळणं), रविवारी लाँग रन आणि मधल्या दिवशी "इझी" म्हणून जे पळायचो ते इझी नव्हतंच, किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या पेसने पळून वर घड्याळात आकडा बघून खूश व्हायचो. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी नुसतं पळताना, मग जिना उतरताना, मग रात्री पडल्यावर पण. अंगठ्याने दाबत गेलो तर रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा अशी होती की डोळ्यात पाणी यायचं. ऑर्थोकडे गेलो, एमआरआय झाला, स्ट्रेस रिॲक्शन निघाली. फ्रॅक्चर नाही, पण त्याच्या आधीची पायरी.

डॉक्टरांनी जे समजावलं ते डोक्यात पक्कं बसलंय. सारखे दणके बसून हाड जिथे झिजतं तिथला जुना भाग शरीर आधी काढून टाकतं आणि नवीन भरायला नंतर घेतं, या सगळ्याला आठवडे लागतात आणि मधल्या काळात ती जागा उलट नाजूक असते. आपण नेमकं तेव्हाच मायलेज, म्हणजे आठवड्याचे एकूण किलोमीटर, वाढवत असतो, कारण दम सुधारलेला असतो आणि पाय हलके वाटत असतात. फुफ्फुसं आणि हृदय लवकर तयार होतात, हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मागून येतात. त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

आमचे चुलते तरुणपणी तालमीत होते, ते बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न हाच की दुपारी झोपतोस का? पहाटे जोर-बैठका, मग खुराक, मग मालिश आणि झोप, संध्याकाळी परत लाल मातीत. वस्ताद झोप चुकवलेल्या पोराला आखाड्यात उतरू द्यायचे नाहीत म्हणे. गाढ झोपेत ग्रोथ हार्मोन सुटतं आणि तुटलेले स्नायू दुरुस्त होतात हे आपण आज वाचतो, त्यांना ते अंगाने कळत होतं. आणि केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे बघा, २०२२ ला बर्लिनला आख्खी मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदात पळालेला माणूस, इझी रनची सुरुवात इतकी सावकाश करतो की आपल्यातले बरेच जण पहिला किलोमीटर त्याच्या बरोबरीने जातील.

तर आता बदल काय केलाय. सोमवार आणि शुक्रवार पूर्ण आराम, क्रॉस ट्रेनिंगच्या (पळण्याऐवजी दुसरा व्यायाम) नावाखाली पण काही नाही. तीन आठवडे वाढवायचं आणि चौथ्याला मायलेज कमी. झोप साडेसात तास, त्यासाठी रात्री दहाला मोबाईल हॉलमध्ये ठेवतो, ही गोष्ट सगळ्यात अवघड गेली खरं सांगायचं तर. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्या मानेवर बोटं ठेवून पल्स मोजतो आणि वहीत लिहितो. माझी नॉर्मल ५२ आहे. जुनी पानं काढून बघितली तर दुखणं सुरू व्हायच्या आधीचा आख्खा आठवडा ५९-६० होती, लिहीत होतो पण बघत नव्हतो.

उतार अजून सुरू केलेला नाही. सातारा हिलला अर्धी रेस चढ आणि अर्धी उतार, सगळे चढाला घाबरतात पण मांड्या फोडतो तो उतार, कारण तिथे पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक मारत असतो आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. त्यामुळे उतार केला की पुढचे दोन दिवस रिकामे ठेवणार.

काल रविवारी ८ किमी, सपाट रस्त्यावर, ७:१० चा पेस, तोंडाने आरामात बोलता येत होतं. घरी येऊन नडगी दाबली, ती जागा आता दाबल्याशिवाय सापडत नाही, दाबल्यावर थोडी जाणवते. आज पल्स ५३. आज सोमवार, बूट बाल्कनीत वाळताहेत. बुधवारी ५ किमी, तेही सकाळचा आकडा बघून ठरवेन.