न वाळणारे चित्र

प्रदर्शनाची तारीख ठरली, की तैलरंगात काम करणारे चित्रकार उलटे दिवस मोजू लागतात. जाड लावलेला रंग आतपर्यंत वाळायला महिनोन्महिने घेतो, त्यावर वॉर्निश चढवायचे तर आणखी थांबावे लागते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात पांढऱ्या रंगाचा एखादा जाडसर फटकारा दिवाळीपर्यंतही बोटाला लागू शकतो. मी मेणात रंगवते. कुंचला खाली ठेवेपर्यंत माझा रंग घट्ट झालेला असतो, त्यामुळे ‘तुमचे बरे आहे, वाळण्याची भानगडच नाही,’ असे मला वरचेवर ऐकवले जाते. मी ते ऐकून घेते, कारण ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की जे वाळत नाही ते संपतही नाही. तैलचित्र एका टप्प्यानंतर चित्रकाराला आपणहून हात आखडता घ्यायला लावते. मेणाचे चित्र मात्र कितीही जुने असले तरी गरम हवेचा झोत लागताच पुन्हा मऊ होते आणि पुन्हा हवे ते करू देते. ते पूर्ण झाले असे कोणी सांगत नाही. प्रदर्शनाची तारीख येते, टेम्पो दाराशी लागतो, आणि चित्र गेले म्हणून ते पूर्ण झाले असे धरून चालायचे.

या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणतात आणि तिला लागणारे सामान फार नाही. मधमाशीचे मेण, डामर नावाची राळ आणि रंगाची पूड एवढ्यावर भागते. मी वजनाने आठ भाग मेणाला एक भाग राळ घेते. काही जण राळ याहून बरीच वाढवतात, पण मग पृष्ठभाग जितका कडक होतो तितकाच ठिसूळही होतो. मेण साधारण ६३ अंश सेल्सिअसला वितळते, राळेला मात्र त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते, म्हणून दोन्ही मंद आचेवर बराच वेळ ठेवून, मलमलीतून गाळून, आधीच वड्या पाडून ठेवाव्या लागतात. गाळताना फडक्यात झाडाच्या सालीचे तुकडे उरतात, कधी एखादा अख्खा किडाही निघतो. डामर आग्नेय आशियातल्या जंगलांतून येते, तरी तिचे कुळ आपल्याला परके नाही. धुपात आणि वैद्यांच्या मलमात पडणारी आपली राळ ज्या सालवृक्षाची, तोही त्याच कुळातला. रविवार पेठेतून आणलेली ही देशी राळ मी वापरून पाहिली आहे. तिचा तपकिरी रंग मेणात उतरतो, त्यामुळे ती गडद चित्रांपुरतीच ठेवली आहे.

मेणाच्या बाबतीत मी अधिक चोखंदळ आहे. आग्या मोहोळाचे मेण येते ते गडद पिवळे, कधी तपकिरीकडे झुकणारे, आणि त्याला धुराचा वास असतो. महाबळेश्वरच्या बाजूला पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या सातेरी माश्यांचे मेण फिकट असते, पण थोडे मिळते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असे मधपालनाच्या व्यवसायात धरून चालतात; तेव्हा मेण वाया घालवताना हात आपोआप आखडतो. पिवळ्या मेणात निळा रंग कालवला की तो हिरव्याकडे सरकतो, आणि ज्याला स्वच्छ आभाळ रंगवायचे आहे त्याची तिथेच पंचाईत होते. बाजारात रसायनाने पांढरे केलेले मेण मिळते, पण त्यातले काही पुढे पुन्हा पिवळे पडते. मी मेणाच्या पातळ पट्ट्या पाडून गच्चीत उन्हाला ठेवते. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही मेण समुद्राच्या पाण्यात उकळून उघड्यावर ठेवायला सांगितले आहे, आणि चांदण्याने ते पांढरे होते, उन्हाने नुसते वाळते, असे तो म्हणतो. चांदण्याचे श्रेय मी उन्हालाच देईन, तरी पौर्णिमेच्या रात्री पट्ट्या आत आणायचा कंटाळा केला तर त्याला एक भारदस्त आधार आहे.

स्टुडिओ म्हणजे खरे तर माझ्या घराची मागची खोली. तिथे हॉटप्लेटवर स्टीलच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असतात: गेरू, रामरज, काजळी, निळ्याच्या दोन छटा, पांढरा आणि एक बिनरंगाचे नुसते मेण. तापमान ८०-९० अंशांच्या आसपास ठेवायचे आणि ९३ च्या वर जाऊ द्यायचे नाही, कारण फार तापलेल्या मेणाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. त्यासाठी खिडकीत एक्झॉस्ट पंखा सतत चालू असतो. छताचा पंखा मात्र लावता येत नाही, त्याच्या वाऱ्याने वाटीतून फळीपर्यंत जाईतो कुंचल्यावरचे मेण थिजते. मे महिन्यात, बाहेर चाळिशी गाठलेली असताना, समोर तापलेली प्लेट आणि डोक्यावर बंद पंखा अशा अवस्थेत काम करणे म्हणजे काय, ते नातेवाइकांना समजावून सांगण्याचा नाद मी सोडून दिला आहे. लाइट गेली तर सगळ्या वाट्या कुंचल्यांसकट गोठून जातात, परंतु त्याने काही बिघडत नाही. ॲक्रिलिकचा कुंचला असा वाळला तर फेकून द्यावा लागतो. माझे सगळे सामान लाइट येईपर्यंत आहे तसे थांबते आणि आल्यावर पुन्हा पातळ होते. सकाळी पहिले मेण वितळू लागले की वासाने मधमाश्या खिडकीशी येतात, जाळीवर थोडा वेळ चौकशी करतात आणि परत जातात.

प्रत्यक्ष रंगवण्यातला खरा भाग रंग लावण्यात नाही, तो तापवण्यात आहे. नवा थर खालच्या थराला नुसता चिकटलेला असतो, एकजीव झालेला नसतो. हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे हातातले यंत्र, वीतभर अंतरावर धरून सावकाश फिरवली की आधी कुंचल्याचे वळ दिसेनासे होतात, मग निस्तेज पृष्ठभाग एकाएकी ओला झाल्यासारखा चमकतो, आणि त्या चमकेची कड झोताबरोबर पुढे सरकत जाते. नेमके तेव्हा हात पुढे न्यायचा. क्षणभर जास्त रेंगाळले तर खालचा निळा वरच्या पांढऱ्यातून डोके काढतो आणि दोन रंगांमधली सीमा ओघळून जाते. लाकडात अडकलेली हवा बुडबुड्याच्या रूपाने वर येते आणि निवल्यावर टाचणीच्या टोकाएवढे भोक मागे ठेवते. कमी तापवले तर थर पुढे कधीतरी पापुद्र्यासारखा सुटतो. बारीक रेघ हवी असेल तर मी ती रंगवत नाही, कोरते. सुईने मेणात खाच पाडायची, तीत काजळीचे मेण भरायचे आणि निवल्यावर पात्याने वरचे खरवडून घ्यायचे. मग खाचेत राहिलेली रेघ अशी उमटते की कुठल्याही कुंचल्याला ती जमली नसती. खरवडलेले सगळे एका पातेल्यात जमा होते आणि त्याची राखाडी-तपकिरी वडी पुढच्या चित्राच्या पहिल्या थरांना उपयोगी पडते.

जॅस्पर जॉन्स या अमेरिकन चित्रकाराने १९५४ मध्ये ‘फ्लॅग’ हे चित्र सुरू केले तेव्हा तो आधी एनॅमल रंगाने काम करत होता. तो रंग लवकर वाळेना, एका फटकाऱ्यावर दुसरा दिला की पहिला बिघडे; म्हणून तो मेणाकडे वळला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेल्या या चित्रात मेणाखालच्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो. त्याला जे हवे होते ते मेणाने ताबडतोब थांबण्यात होते. मला मात्र मेण पुन्हा हलते याचेच आकर्षण जास्त आहे, आणि ताकीदही तीच. फायूमची चित्रे या दोन्ही गोष्टी एकदम सांगतात. इजिप्तमध्ये पहिल्या ते तिसऱ्या शतकांत मृतांच्या ममीवर बसवलेली ही व्यक्तिचित्रे, त्यांतली बरीचशी मेणात, पातळ फळ्यांवर रंगवलेली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना हवारा येथे १८८८ मध्ये त्यांतली कितीतरी सापडली. डोळ्यांखालची सावली, ओठांवरची लकाकी आजही जशीच्या तशी आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मेणाची चित्रे टिकतील का, असे मला कोणी विचारले की मी इजिप्तचे नाव घेते. वितळायला ६३ अंश लागतात, आणि तेवढे तापमान भिंतीवर झाले तर चित्राआधी माणसांची काळजी करावी लागेल.

तरीही प्रदर्शनाची तयारी म्हणजे बव्हंशी उष्णतेचीच तयारी असते. पहिली गोष्ट फळी. कॅन्व्हास लवतो, आणि लवणाऱ्या पाठीवर मेण तडकते, म्हणून पाठ कडक हवी. प्लायच्या फळ्या करून देणारे आमचे मिस्त्री खडू आणि सरस यांचा पांढरा लेप नीट बसवतात. ॲक्रिलिकचा तयार लेप मी वापरत नाही, कारण तो मेण पिऊन घेत नाही आणि वरचे काम अधांतरी राहते. ‘ताई, एवढी जड फळी भिंतीवर टिकणार का?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्यावर मागे लावायची पट्टी तेच सुचवतात. मग येते छायाचित्रण. चकचकीत मेणावर दिव्याचे प्रतिबिंब पडते, बाजूने प्रकाश टाकला तर खरवडलेले सगळे ओरखडे उठून दिसतात, आणि पारदर्शक थरांची खोली तर फोटोत येतच नाही. मोठ्या कलादालनांकडे अर्ज करायचा तर हीच छायाचित्रे पाठवावी लागतात, आणि तारीख मिळेपर्यंत बराच काळ लोटतो. त्या काळात अर्जातली काही चित्रे स्टुडिओत शिल्लकच राहत नाहीत. म्हणजे फळी तीच असते, वरचे चित्र दुसरे झालेले असते. विक्री न होता परत आलेल्या चित्राबद्दल मी फार हळवी होत नाही. महिनाभर भिंतीकडे तोंड करून ठेवते, मग उलटवून बघते, आणि पटले नाही तर गन चालू करते. हे काहींना निर्दय वाटते. मला विचाराल तर न पटलेले चित्र केवळ कॅटलॉगमध्ये छापले गेले म्हणून जपून ठेवणे हा चित्रावर जास्त अन्याय आहे.

शेवटच्या आठवड्यात मात्र मी हीट गन कपाटात ठेवून देते आणि फक्त फडके हातात घेते. नव्या मेणावर काही दिवसांत एक पांढुरकी झाक येते. ती बुरशी नव्हे. मेणाचाच काही अंश पृष्ठभागावर येतो आणि मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसला की जातो. राळ पूर्ण कडक व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते, तोवर ही पुसापुशी अधूनमधून करावी लागते. जुनी कोटा साडी यासाठी चांगली, तिची बारीक वीण मेणाला बरोबर चमक आणते. गुंडाळताना आधी बटर पेपर आणि त्यावर बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. फुगे आत आले तर उष्म्यात त्यांचे ठसे चित्रावर उमटतात आणि प्रेक्षक त्यांना आधुनिक शैली समजून नावाजतात. पुण्याहून मुंबईच्या काळा घोड्यापर्यंतचा प्रवास मी पहाटेच ठरवते. टेम्पोवाले मामा वाटेत चहाला थांबतात, तेव्हा गाडी झाडाखाली लावा एवढेच सांगायचे असते. बंद गाडी भर दुपारी उन्हात उभी राहिली तर आत काय तापते हे कुठल्याही हवामानखात्याच्या आकड्यात येत नाही. थंड प्रदेशातल्या चित्रकारांची काळजी उलटी: गोठणबिंदूच्या जवळ मेण ठिसूळ होते, आणि कोपरा आपटला तर टवका उडतो.

दालनात चित्रे लागली की पहिला प्रश्न दिव्यांचा. जुने तापणारे दिवे अगदी जवळ असतील तर मी ते दूर सरकवून घेते. हल्लीच्या एलईडीने ही कटकट बरीच कमी केली आहे. काच लावावी लागत नाही, आणि लावूही नये असे माझे ठाम मत आहे, कारण मेणाच्या आतून येणारा प्रकाश काचेमागे मरतो. त्याची किंमत म्हणून लोक बोट लावतात. वास घ्यायला नाक जवळ नेणारेही असतात. मधाचा वास येतो, असे त्यांच्यातले निम्मे तरी म्हणतात, आणि मी त्यांना दोष देत नाही, तो येतोच. मुलांना ‘हात लावू नका’ म्हणण्याऐवजी मी त्यांच्या हातात मेणाची एक वडी देते. त्यांचे समाधान होते आणि चित्रावरचे बोटांचे ठसे कमी होतात.

चित्र विकले गेले की घेणाऱ्याला काळजीच्या दोन-तीन गोष्टी लिहून देते: थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, निस्तेज वाटले तर सुती कापडाने पुसा. माझी अडचण मी लिहून देत नाही. विकलेले चित्र हे एकच असे, की ज्याला मला पुन्हा ऊब देता येत नाही, आणि ओळखीच्यांच्या घरी चहाला गेले की माझी नजर बरोबर त्याच कोपऱ्यावर जाते जिथे पांढऱ्याखालचा निळा अजून थोडा वर यायला हवा होता. डेक्कनला राहणाऱ्या एका काकूंच्या हे लक्षात आले आहे. हल्ली त्या फोनवर निमंत्रण देतानाच बजावतात, ‘ये, पण ती गन घरी ठेवून ये.’