वादळात मी करतो काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "भर महासागरात शिडाच्या होडीत एकटेच असता, त्यात वादळ आलं, मग नेमकं करता काय?" हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुकाणू घट्ट धरून उभा असलेला माणूस असतो. मी तेव्हा बहुधा खाली, दमट कपड्यांत, बंकवर आडवा असतो.

करायचं ते आधीच उरकलेलं असतं. बॅरोमीटर (हवेचा दाब दाखवणारं यंत्र) उतरू लागला, म्हणजे वादळ येतंय असं दिसलं, की शीड आखडायचं, तेही पहिल्यांदा मनात येईल तेव्हाच. वाऱ्याचा वेग २० नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ४० वर गेला की शिडावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. आणि ओढायला दुसरे हात नसतात. गरम काही शिजवून थर्मासमध्ये भरायचं, सुटं सामान बांधायचं, दार बंद.

मग होडी 'हीव्ह टू' करायची. पुढचं छोटं शीड उलट्या बाजूला ताणायचं, मोठं अगदी आखडलेलं ठेवायचं आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला बांधून टाकायचा. पुढचं शीड नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यापासून लोटतं, सुकाणू ती परत वाऱ्याकडे वळवतं. या ओढाताणीत होडी जवळजवळ थांबते आणि तासाला एखाद-दोन सागरी मैल आडवी वाहत राहते. तिच्या सरकण्याने वाऱ्याच्या बाजूला पाण्याचा गुळगुळीत पट्टा पडतो, त्यात बऱ्याच लाटांचा जोर मोडतो. हलक्या, आधुनिक होड्यांना हे तितकंसं जमत नाही. लाटा फारच उभ्या झाल्या तर मागून ड्रोग सोडायचा: लांबलचक दोर, त्याला शंभराहून जास्त कापडी शंकू. तो होडीला लाटेवरून सुसाट घसरू देत नाही.

किनारा जवळ असता तर बरं, असं लोकांना वाटतं. छे! वाऱ्याखाली जमीन असली की असं वाहत बसणं परवडतच नाही. भर समुद्रात आपटायला काही नसतं.

बाकी मग पडून राहणं. होडी दोन लाटांच्या खळग्यात उतरली की वाऱ्याचा आवाज क्षणभर गायब होतो, माथ्यावर आली की पुन्हा किंचाळतो. पुस्तकाचं तेच पान चारदा वाचून होतं. झोप लागते, हे मात्र कुणाला पटत नाही.

अर्थात सगळं नीट करूनही समुद्र ऐकेलच असं नाही. २०१८च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींची होडी 'थुरिया' उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज पोहोचेपर्यंत ते बंकवर पडून होते. पुढच्याच गोल्डन ग्लोबला ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. त्यांच्या त्या थांबण्यापुढे माझ्या थांबण्याला 'वाट पाहणं' म्हणायला मला संकोच वाटतो.

बॅरोमीटर चढू लागला म्हणजे सुटलो, असंही नाही. तेव्हाच वारा दिशा बदलतो, जुन्या लाटांवर नव्या आडव्या येतात आणि समुद्र सर्वांत बेभरवशाचा होतो. नंतर वारा पडतो, लाटा तशाच राहतात. शिडाला आधार नसलेली होडी अशी डोलते की वादळ बरं होतं म्हणावं. हा भाग मला सर्वांत नकोसा. दोर कुठे घासलेत ते पाहतो, तळाचं पाणी उपसतो, चहा टाकतो. चहा संपल्यावरही शीड वाढवावंसं वाटलं, तरच वाढवतो.