गाळून उरलेले

दुपारी तीनच्या सुमारास पडद्याच्या फटीतून एक कवडसा आमच्या बैठकीच्या खोलीत येतो आणि टेबलावरच्या चहाच्या कपापाशी थांबतो. परवा वीज गेली होती, पंखा बंद होता, त्यामुळे तो मी प्रथमच निवांत पाहिला. त्यात कणांची जी वर्दळ चालली होती ती पाहून मी घाईघाईने कपावर बशी झाकली. आणि मग लक्षात आले की कवडसा नसतो त्या वेळीही हीच हवा असते, आणि तिच्यात उघडा ठेवलेला चहा मी गेली तीस वर्षे बिनतक्रार पीत आलो आहे.

कवडशातल्या कणाला आपल्याकडे जुने, भारदस्त नाव आहे: त्रसरेणू. वैशेषिकांनी, म्हणजे जग परमाणूंचे बनले आहे असे मानणाऱ्या आपल्या प्राचीन तत्त्वज्ञांनी, एका त्रसरेणूत सहा परमाणू असतात असा हिशेबही मांडून ठेवला होता. हिशेब बराच चुकला, पण मोजायला सुरुवात करण्यासाठी त्यांनी कवडसा निवडला याचे मला कौतुक वाटते. आज त्या कणांची झडती घेतली तर कपड्यांचे तंतू, परागकण, बुरशीचे बीजाणू, रस्त्यावरची माती आणि आपल्याच कातडीचे कोंडे असा ऐवज निघतो. हवा अगदी निश्चल असली तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मीटरभर खाली यायला पाचसहा मिनिटे घेतो आणि २.५ मायक्रॉनचा तासाभराहून अधिक. आमच्या घरात हवा तासभर निश्चल राहणे अशक्य आहे, तेव्हा हे कण टेबलावर बसण्यापूर्वी आमच्या नाकात जात असणार हे उघड आहे.

माझे आजोळ कृष्णाकाठचे. आषाढात नदीला नवे पाणी आले की घागरीतले पाणी चहासारखे दिसू लागे. आजी हंड्याच्या तोंडाला जुन्या धोतराचे दुपदरी फडके बांधी आणि घागर हळूहळू रिकामी करी. फडक्यावर काड्या, पानांचा भुगा, एखादे भेदरलेले किडूक राही. पण पाणी गढूळच. मग ती तुरटीचा खडा हंड्यात फिरवी, सात फेरे, तोंडाने मोजून. गढूळ पाण्यातले बारीक कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात आणि तुरटी त्यांचे ते वैर मिटवते, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा मला तो मोजण्याचा प्रभाव वाटत असे. सकाळी वरचे निवळ पाणी काढून घेतले की हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ उरे, लोण्यासारखा मऊ, किंचित कुजक्या पाल्याच्या वासाचा. तो आजी परसातल्या अळवाला घाली. एवढ्या खटपटीने काढलेली घाण झाडाला कशी चालते, असे मी एकदा विचारले, तर ती म्हणाली, “अळू कधी गाळून पितं का रे?”

तेव्हापासून गाळण्याचे खूळ माझ्या डोक्यात बसले असावे. घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे, आणि त्या यंत्राच्या तोटीलाही मी फडके बांधतो. त्यावर होणारी टीका मी ऐकून घेतो, कारण शास्त्रज्ञांचा व्यवहारही फारसा वेगळा नाही. समुद्राचे पाणी ते काचेच्या तंतूंच्या चकतीतून गाळतात, साधारण ०.७ मायक्रॉनच्या छिद्रांच्या त्या चकतीवर जे अडकले ते कणरूप आणि जे खाली उतरले ते विरघळलेले, असा निवाडा होतो. मातीत मात्र २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेले आणि ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर राहिलेले तेवढेच सेंद्रिय द्रव्य कणरूप धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे कुजक्या पानाचा ४० मायक्रॉनचा तुकडा समुद्रात मानाने कण म्हणवून घेतो आणि शेतात चाळणीतून निसटून चिकणमातीच्या खात्यावर जमा होतो. आजीचे दुपदरी धोतर या न्यायात नेमके कुठे बसले असते, हे मोजायचे राहून गेले.

माझ्या मावसभावाच्या शेतातली माती काळीभोर आहे, तरी परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, ०.३८ टक्के आला आणि समोर “कमी” असा शेरा. रंगाने काळी म्हणजे कसदार, ही समजूत त्याला एका कागदाने सोडावी लागली. मग त्याने उन्हाळ्यात तलावाचा गाळ ट्रॅक्टरने आणून शेतात पसरला. २०१७ साली राज्य सरकारने “गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार” अशी योजनाच काढली. आजीने ती अळवापुरती आधीच राबवली होती.

आमच्या इमारतीच्या आवारात मात्र हिवाळ्यातल्या सकाळी पाचोळ्याचा ढीग करून तो पेटवून देतात. धूर थंड हवेत वर न जाता खिडक्यांच्या उंचीवर रेंगाळतो, आणि कवडशातही एकेकटे ओळखू न येणारे त्याचे बारीक कण छातीत खोलवर उतरतात. हाच पाचोळा खड्ड्यात टाकला असता तर पावसाळ्यापर्यंत त्याची चांगली कुजकी माती झाली असती. सभेत मी हे दोनदा बोललो. दोन्ही वेळा इतिवृत्तात “सूचना नोंदवली” असे लिहिले गेले आणि काडेपेटी आपल्या जागी राहिली.

परवा वीज आली, पंखा सुरू झाला आणि कवडशातले सगळे प्रकरण एका झटक्यात उधळले गेले. चहा तोवर निवला होता, बशी काढली तर वर साय धरलेली. तो ओतून टाकला, नवा केला, गाळला, आणि गाळणीतला चोथा गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत झाडला. साखरेसकट टाकलात, आता मुंग्या येणार, असे आतून ऐकू आले. मुंग्या आल्या आहेत.