लक्षद्वीपला जायचंय? आधी लगून बघा, मग तारीख

येत्या हिवाळ्यात आई-बाबा आणि मावशीला घेऊन लक्षद्वीपला जायचं पक्कं झालंय. तिघांपैकी फक्त बाबांना पोहता येतं, तेही विहिरीतलं पोहणं, आणि मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून या वेळी प्लॅन करताना मी रिसॉर्ट आणि सुट्ट्या बाजूला ठेवून आधी लगून (प्रवाळाच्या कडेने अडवलेलं बेटालगतचं उथळ पाणी) बघायला बसले, आणि आता मला वाटतं की सगळ्यांनीच असं करावं.

कारण प्रत्येक बेटाचं लगून वेगळं असतं. ३६ बेटं, सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि लगूनचं पाणी मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपण खरं तर बेट बघायला नाही तर पाणी बघायला चाललोय. आन्द्रोत हे मोठं बेट, पण त्याला जवळजवळ लगूनच नाही. मिनिकॉयचं लगून भलं मोठं, तिथे १८८५ चं दीपगृह आहे आणि लोक महल बोलतात, बाकी बेटांवरच्या मल्याळमपेक्षा अगदी निराळी भाषा. मला तिकडे जायचंच आहे पण आईला बोटीचा इतका लांब प्रवास झेपणार नाही, त्यामुळे ते नंतर.

सॅटेलाइट मॅप उघडून एकदा नीट झूम करून बघा. बहुतेक बेटं पूर्वेच्या कडेला चिकटलेली आणि लगून पश्चिमेला पसरलेलं. आधी वाळूचा पांढरा पट्टा, मग फिकट हिरवट पाणी, त्यात तपकिरी ठिपके (ते प्रवाळाचे गोळे), मग लाटा फुटतात तिथली बारीक पांढरी रेघ, आणि त्या रेघेपलीकडे एकदम गडद निळा समुद्र. परातीच्या काठासारखी ती रेघ लाटा अडवते म्हणून आत पाणी शांत. म्हणजे पोहायचं, डुंबायचं ते पश्चिमेला, सूर्यास्तही तिकडेच. पूर्वेच्या किनाऱ्यावर मोडक्या प्रवाळाचा खच असतो आणि समोर थेट उघडा समुद्र, तिथे सकाळी फिरायला जावं पण पाण्यात उतरू नये.

आणि हे सगळं उभं कशावर आहे, तर भूशास्त्रज्ञांच्या मते आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या हॉटस्पॉटमधून (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याची जागा) बाहेर आला त्याच हॉटस्पॉटने पुढे या बेटांखालचा ज्वालामुखी डोंगर घडवला. डोंगर खचत गेला आणि कडेचे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहिले, ही कल्पना डार्विनने १८४२ मध्ये मांडली. बाबांना हे सांगितलं तर तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत सुटलेत की आपण सह्याद्रीच्या भावाकडे चाललोय :)

आता तारखेचं. पाऊस संपल्यावर म्हणजे ऑक्टोबरपासून साधारण एप्रिलपर्यंत सीझन, त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्याच्याही पुढे जाऊन तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, आणि उतरताना प्रवाळाच्या त्या काठातल्या फटीतून, म्हणजे बोटी ये-जा करतात त्या वाटेतून, सगळं पाणी जोरात बाहेर धावतं. न पोहणाऱ्या माणसाने त्या वाटेच्या जवळपास थांबूच नये. भांगाच्या दिवसांत ही ओढ कमी असते म्हणून आमच्या तारखा अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे धरल्यात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते तेही लक्षात ठेवा, पण भरतीची वेळ काढायचं कोकणातलं तिथी गुणिले पाऊण हे गणित तिथे लावू नका, त्या बेटाचंच भरतीचं टेबल बघायचं. मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय, मावशी रोज त्यावर पेन्सिलीने काहीतरी खुणा करते.

स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं) भरतीला करायचं, ओहोटीला नाही. ओहोटीत गुडघाभर पाण्यात पाय मारला की पायातली फिन (पोहायचा रबरी पंखा) थेट प्रवाळाला लागते आणि ते जिवंत असतं, दगड नसतो. उभं राहायचं तर फक्त वाळूवर. १९९८, २०१० आणि २०१६ ला समुद्र तापून तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले, २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. जे उरलंय ते आपल्या पायाने मोडू नये हे मला मनापासून वाटतं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विम टीशर्ट घ्या. आणि प्रवाळाचा तुकडा घरी आणायचा नाही म्हणजे नाही, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

जायचं कसं, तर कोचीहून. जहाजाला बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात, पण खरी गोष्ट अशी की बऱ्याच बेटांवर जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही, बाहेर थांबतं आणि तिथून हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. मावशीच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. म्हणून छोट्या विमानाने अगत्ती, आणि तिथून बोटीने बंगाराम. त्याच लगूनमध्ये तिन्नकरा बेटही आहे. तिथलंच पराली-१ नावाचं निर्मनुष्य बेट झिजत झिजत पाण्याखाली गेलं, २०१७ मध्ये ही बातमी आली होती, ती वाचल्यावर मी बराच वेळ मॅपवर ती जागा शोधत बसले होते.

आपण भारतीय असलो तरी एन्ट्री परमिट लागतंच, ते हातात आल्याशिवाय नॉन-रिफंडेबल काही बुक करू नका. दारू बहुतेक बेटांवर बंद आहे. आणि नदी-ओढा काहीच नसल्यामुळे पाणी जपून वापरायचं, राजधानीच्या कवरत्ती बेटावर तर २००५ पासून खोल समुद्राचं थंड पाणी वर खेचून त्याच्या मदतीने खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करतात, इतकी तिथे एकेका बादलीची किंमत आहे.

आमचे परमिटचे फॉर्म भरून तयार आहेत, आईचा नवा फोटो तेवढा उद्या काढायचाय. तोवर बाबा शेजारच्या पूलवर मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस करतायत, आणि आईसाठी लाइफ जॅकेट तिच्या मापाचं मिळेल का हे बोटवाल्यांना फोन करून आधीच विचारून ठेवलंय.