मागे जायचं म्हणजे नक्की कुठे?

१९९६ च्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात इंटरनेट आलं आणि थेट माझ्या टेबलावर येऊन बसलं. कारण एवढंच, की इंटरनेट तेव्हा फोनवरून यायचं आणि ऑपरेटरमार्फत न जाणारी फोनची एक डायरेक्ट लाइन लायब्ररीत होती. फोर्टातल्या एका औषध कंपनीत मी लायब्ररियन होते. लायब्ररी म्हणजे चार लोखंडी कपाटं, जर्नल्सचे बांधीव खंड, कॅटलॉग कार्डांचा लाकडी ड्रॉवर आणि मी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करून वर्ष होत आलं होतं. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर नुसती अक्षरं दिसायची. आमच्या साहेबांनी महागातलं, चित्रं दिसणारं खातं घेतलं, आणि मग ते वसूल करायची जबाबदारी ओघानंच माझ्यावर आली.

ईडीपीतला, म्हणजे कॉम्प्युटर विभागातला, एक मुलगा येऊन सगळं जोडून गेला. ४८६ मशीन, विंडोज ३.१, फोन लावून देणारं ट्रम्पेट विनसॉक आणि वर इंटरनेटची पानं दाखवणारं नेटस्केप. मला शिकवायला त्यानं दहा मिनिटं घेतली असतील. "मॅडम, निळं आणि खाली रेघ असलेलं दिसलं की क्लिक करायचं. परत यायचं असेल तर बॅक. बस्स." त्या 'बस्स'मध्ये काय काय राहून गेलं होतं ते शोधण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले.

पहिली खोड डबल क्लिकची. विंडोजमध्ये कुठलंही चित्र उघडायचं तर दोनदा टिचकी मारायची, हे मी मोठ्या कष्टानं शिकले होते. इथे एकदाच मारायची. मी दोनदा मारायची, काही हललं नाही की तिसऱ्यांदा. प्रत्येक टिचकीसरशी आधीची मागणी रद्द होऊन नवी जायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे पान अर्ध्यावर आलं की मीच त्याला परत पाठवत होते. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात नेटस्केपचा मोठा 'एन' होता आणि काम चालू असेपर्यंत त्याच्यावरून उल्का पडायच्या. हे माझ्याआधी आमच्या शिपाईमामांच्या लक्षात आलं. चहा ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, तारे पडतायत तोवर हात नका लावू. थांबले की मग बघा." शंभर टक्के बरोबर.

पत्ता टाइप करण्यातही गंमत. एचटीटीपी, मग कोलन, मग दोन तिरक्या रेघा. लायब्ररी सायन्सला रंगनाथनांची पुस्तकं वर्गवार लावायची कोलन पद्धत शिकलेली, त्यामुळे कोलनशी जुनी ओळख होती. पण तिरकी रेघ मी डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या कमांड टाइप करायच्या मशीनच्या, सवयीनं उलटी मारायची, आणि असा सर्व्हर नाही म्हणून खिडकी यायची. प्राध्यापकांच्या पानांच्या पत्त्यात एक नागमोडी रेघ असायची, ती कीबोर्डवर सापडेना. शेवटी सगळी बटणं शिफ्टसकट ओळीनं दाबत गेले. ती डावीकडे वर, एकच्या आधी, बसलेली होती.

जमायला लागलं ते मी पानाकडे बघायचं सोडून खिडकीच्या तळाची पट्टी वाचायला लागले तेव्हा. पहिल्यांदा तिथे यायचं, होस्टशी, म्हणजे पलीकडच्या मशीनशी, संपर्क चालू आहे. मग, संपर्क झाला, उत्तराची वाट पाहतोय. मग, चौदा के (किलोबाइट) पैकी बत्तीस टक्के. यातल्या पहिल्या ओळीवर गाडी अडकली तर स्टॉप दाबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असायचा. टक्के सुरू झाले असतील तर चहा प्यावा. याहून मोठी गोष्ट म्हणजे, निळ्या अक्षरांवर बाण नुसता नेला, टिचकी न मारता, की त्याचा हात व्हायचा आणि जिथे जायचं तो पत्ता खालच्या पट्टीत उमटायचा. आपण मुंबईकर इंडिकेटर बघितल्याशिवाय गाडीत पाय टाकतो का? मी इतके दिवस दिसेल त्या गाडीत चढत होते आणि दादरला जायचं तर विरारला पोचत होते.

फोनचं मीटर चालू असताना चित्रं उतरू देणं मला जिवावर यायचं. ऑप्शन्समध्ये जाऊन 'ऑटो लोड इमेजेस'ची खूण काढून टाकली. पानं पळायला लागली, चित्रांच्या जागी छोट्या खुणा. पण काही ठिकाणी पहिलं पानच एक अख्खं चित्र असायचं आणि त्याच चित्राच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांवर टिचकी मारून आत जायचं. चित्र बंद म्हणजे दारच बंद. अशा जागी बाण फिरवला की खालच्या पट्टीत प्रश्नचिन्ह आणि दोन आकडे सरसर बदलताना दिसायचे, त्यावरून ओळखायचं की इथे पैसे सोडावे लागणार. मग 'इमेजेस'चं बटण दाबायचं आणि कपाट आवरायला उठायचं.

आता त्या 'बॅक'कडे येते.

साहेबांना गोळ्यांच्या स्टॅबिलिटी टेस्टिंगवरचा, म्हणजे औषध किती टिकतं ते तपासण्यावरचा, एक मसुदा हवा होता. मी याहूच्या यादीतून निघाले. याहू तेव्हा इंटरनेटवरच्या जागांचं माणसांनी हातानं लावलेलं वर्गीकरण होतं, चौदा मोठे विभाग आणि त्यांच्या पोटात उपविभाग. लायब्ररियनला माहेरी आल्यासारखं वाटावं असं. काही नावांपुढे @ अशी खूण असायची. ती म्हणजे आपलं 'तिकडे पहा'चं कार्ड, हे मी कुणी न सांगता ओळखलं आणि दिवसभर खुशीत होते. त्या वाटेनं एका विद्यापीठाचं पान, तिथून एक लांबलचक यादी, यादीतून आणखी एक पान, आणि तिथे हवा तो मसुदा. वाचायला सुरुवात केली आणि वाटलं, आधी त्या यादीत आणखी काही आहे का बघू. बॅक, बॅक. यादीत दुसरंच काहीतरी उघडलं, ते निरुपयोगी निघालं. म्हटलं, आता फॉरवर्ड दाबून मसुद्यावर जाऊ. फॉरवर्ड फिकट पडलेलं. 'गो' मेनूत उघडलेल्या पानांची यादी असायची, तिथे पाहिलं. त्यातूनही मसुदा गायब. मी तिथे होते याचा पुरावाच नाही!

ईडीपीतल्या मुलाला बोलावलं. त्यानं माझीच कोरी कॅटलॉग कार्डं घेऊन टेबलावर चळत रचली. "हे याहू, हे विद्यापीठ, ही यादी, हे पुढचं पान, हा मसुदा. बॅक दाबलंत, म्हणजे वरची उचलून बाजूला धरली. फॉरवर्ड म्हणजे ती परत ठेवायची. पण मॅडम, तुम्ही मधेच नवीन कार्ड ठेवलंत," असं म्हणून त्यानं यादीच्या कार्डावर एक नवं ठेवलं आणि हातातली कार्डं सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोरी कार्डं फुकट घालवली म्हणून मी ओरडले, पण गोष्ट डोक्यात कायमची बसली. बॅक म्हणजे आलेल्या रस्त्यानं परत फिरणं नव्हे. चळत तेवढी राहते, बाजूच्या फांद्या नाही.

मग मसुदा सापडला कसा? रंगावरून. उघडून पाहिलेली निळी अक्षरं जांभळी व्हायची. त्या लांबलचक यादीत मी जेमतेम पाच-सहा ठिकाणी टिचकी मारली होती. जांभळं जांभळं तपासत गेले, चौथं निघालं. यानंतर कामाचं काही दिसलं की वाचण्याआधी बुकमार्क, ही शिस्त लागली.

बॅकनं आणखी एकदा दगा दिला तो फ्रेम्समध्ये. नेटस्केप २ पासून पानाचे कप्पे पाडायची सोय झाली होती. डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर. उजव्या कप्प्यात मी सहा पानं आत गेले, बॅक दाबलं आणि त्या जागेच्या पार बाहेर, रस्त्यावर. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा चुकून माउसचं उजवं बटण दाबलं गेलं आणि छोट्या मेनूत 'बॅक इन फ्रेम' दिसलं. हे अक्कलहुशारीनं सापडलं असं मी पुढे बरेच दिवस सांगत होते.

आणि '४०४ नॉट फाउंड', म्हणजे मागितलेलं पान जागेवर नाही. सुरुवातीला मी ते बघून सोडून द्यायची. मग एकदा पत्त्याकडे पुस्तकावरच्या वर्गांकासारखं बघितलं. डावीकडे संस्था, मग विभाग, मग उपविभाग, शेवटी कागद. कागद जागेवर नसेल तर कपाट तर असेल? पत्त्याचा उजवीकडचा तुकडा शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंत पुसला, एंटर मारलं. विभागाचं पान उघडलं आणि तिथे तोच कागद नव्या नावानं. नाहीच उघडलं तर आणखी एक तुकडा पुसायचा. ईडीपीतल्या मुलाला ही युक्ती मी शिकवली, हे नमूद करून ठेवते.

मी सकाळी साडेनऊला मशीन लावायची, कारण तेव्हा अमेरिकेत रात्र. संध्याकाळी तिकडची ऑफिसं उघडली की इकडे उल्काच उल्का.

मसुदा छापून साहेबांना दिला, त्यांनी सही करून फाइलला लावला. मला मात्र राहवेना. टाइपरायटरवर एक कार्ड चढवलं. शीर्षक, संस्था, वर ड्यूई वर्गीकरणाप्रमाणे औषधांचा ६१५.१, खाली पूर्ण पत्ता, नागमोडी रेघ हातानं काढून. कपाट क्रमांकाच्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून त्या दिवशीची तारीख घातली, तीही पेन्सिलीनं. पुढच्या दोन वर्षांत त्या कार्डावरचा पत्ता तीन वेळा खोडावा लागला.